साळवेबाईंबरोबर एक फेरी

आमच्या मुलुंडच्या बागेत संध्याकाळी एखादा धडधाकट बाप, पाठीला ऑफिसची बॅग, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र, एका ठेंगण्या बाईंच्या मागून धापा टाकत चाललेला दिसला, की मी समजून जायचो: याच्या घरी मूल आहे आणि त्या मुलानं याची वाट लावलेली आहे.

त्या ठेंगण्या बाई म्हणजे साळवेबाई. मूळच्या जालन्याकडच्या, पालिकेच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळून निवृत्त झालेल्या. सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात मिटलेली छत्री. ऊन असो, पाऊस असो, छत्री मिटलेलीच. तिचा उपयोग रस्ता मोकळा करायला व्हायचा. मधेच कोणी सेल्फी काढत उभा राहिला की छत्रीचं टोक त्याच्या पोटरीला हळूच लागायचं आणि तो का सरकतोय हे न कळताच बाजूला सरकायचा.

बाई सल्ला द्यायच्या. आता सल्ला काय, मुंबईत कोणीही देतो. रिक्षावाला देतो, लिफ्टमधला अनोळखी माणूस देतो. पण आमच्याकडे मूल जेवेना, झोपेना, शाळेत जाईना, बोलेना किंवा बोलायचं थांबेना, की आईबापांचा प्रवास ठरलेला असे. आधी फोनवर शोधायचं. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विचारायचं. तिथे एक म्हणणार लाडावलंय, दुसरा म्हणणार धाक जास्त झालाय, तिसरा गुड मॉर्निंगचा गुलाब टाकणार. मग नवराबायको आपसांत भांडणार. आणि सगळं करून झालं की बागेत येणार.

बाईंचा नियम एकच. बसून बोलायचं नाही, चालायचं. बागेच्या कडेनं गोल रस्ता आहे, त्याची एक फेरी पुरी होईस्तोवर आपलं गाऱ्हाणं सांगायचं. दुसऱ्या फेरीत बाई बोलणार, बोलल्या तर. तिसरी फेरी कोणालाही मिळत नसे, नगरसेवकाच्या सुनेलासुद्धा मिळाली नव्हती.

मी एकदा विचारलं, "बाई, लोकांना असं पळवता कशाला?"

"बसला की माणूस भाषण करतो," बाई म्हणाल्या. "समोरासमोर बसला की रडतो. चालताना पुढे बघावं लागतं, म्हणून खरं बोलतो. आणि दम लागला की विशेषणं गळतात."

विशेषणं गळतात! मी हे डोळ्यांनी पाहिलंय हो. "माझा मुलगा प्रचंड, भयंकर, कमालीचा हट्टी आहे" असं म्हणत फाटकापासून निघालेला बाप घसरगुंडीपर्यंत "मुलगा हट्टी आहे" वर यायचा आणि पिंपळाच्या वळणावर, कमरेवर हात ठेवून, "म्हणजे... मीपण आहे थोडा" इथवर पोचायचा.

आता हे सगळं मला कसं माहीत? तर मी प्रेक्षक. नोकरीत विमा विकला, हौशी रंगभूमीवर दर नाटकात इन्स्पेक्टर झालो, म्हणजे दोन्हीकडे शेवटच्या अंकात पोचणारा माणूस. बागेत मात्र मी पहिल्या अंकापासून हजर असायचो. फाटकाजवळचा बाक ही माझी पुढच्या रांगेतली खुर्ची. चालणारी जोडी समोरून गेली की एक तुकडा ऐकू यायचा, मग फेरीभर मध्यंतर, मग पुढचा तुकडा. मधलं मी मनानं भरायचो. बऱ्याचदा माझं जास्त रंगतदार असायचं.

बाईंचा मुख्य संवाद म्हणजे "पुढे?" पालक काहीही सांगो, बाईंचं उत्तर "पुढे?" मुलगी खोटं बोलते. पुढे? मैत्रिणीची वस्तू घेऊन आली. पुढे? मी मारलं तिला. पुढे? मग मलाच झोप लागली नाही. इथे बाई मान हलवायच्या, कारण आता कुठे गोष्ट सुरू झाली.

तुलना कोणी केली की मात्र चालण्याचा वेग वाढायचा. "आमच्या शेजारच्यांचा मुलगा याच वयात..." असं एकीनं सुरू केलं आणि बाई अशा सुटल्या की ती बिचारी चप्पल हातात घेऊन धावली. "शेजारच्याचं पोर हे एका आजाराचं नाव आहे," बाई पुढून ओरडल्या, "आणि तो आईबापांना होतो!"

आणि औषधाची गोष्ट निघाली तर बाई फेरीच नाकारायच्या. एका आईनं सांगितलं, पोराला रात्री श्वास लागतो, घरगुती काही करू का? बाईंनी छत्रीनं फाटक दाखवलं. "हे डॉक्टरांचं काम. माझ्यामागे काय चालतेस? रिक्षा पकड!" ती जागची हलेना, तर बाईंनी स्वतःच रिक्षा थांबवून तिला आत बसवलं.

बाई नेहमी बरोबर असायच्या असं तुम्हाला वाटत असेल तर कदमांच्या मिहिकाची गोष्ट ऐका.

मिहिका तीन वर्षांची आणि चावरी. खेळवर्गात तिनं एकाच्या दंडाला, दुसरीच्या गालाला दातांची नक्षी उमटवली. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, पुन्हा चावली तर उद्यापासून पाठवू नका. तिचा बाप रडकुंडीला येऊन बागेत आला. बाईंनी विचारलं, "घरात ओरडून कोण बोलतं?" बापानं नुसती आपल्या बिल्डिंगकडे मान वळवली. तिथून, रस्ता ओलांडून, चौथ्या मजल्यावरून कदमआजोबांचा आवाज येतच होता. कदमआजोबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. साच्यांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झालेला, की त्यांनी घरात मीठ मागितलं तर शेजारून वाटी यायची.

बाई म्हणाल्या, "घरात सगळ्यांनी हळू बोला. पोरीवर आवाजाची दहशत आहे."

झालं. कदमांचं अख्खं घर कुजबुजायला लागलं. सून कुजबुजते, मुलगा कुजबुजतो. कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की आजी पदर घेऊन धावते. मिहिकाच्या बापाला तर सवयच लागली. तो रिक्षावाल्याच्या कानाला लागून "स्टेशन" म्हणायचा आणि रिक्षावाला घाबरून मीटर टाकायचा. सगळ्यांत हाल आजोबांचे. त्यांची कुजबुज म्हणजे एसटी चढावर लागल्यासारखी. भाजीवाल्यानं मला हळूच विचारलं, "साहेब, कदमांकडे कोण गेलं का?"

मिहिका चावतच होती.

शेवटी उलगडा केला तो वरच्या मजल्यावरच्या बाईंनी. रोज दुपारी मिहिका त्यांच्या कुत्र्याशी खेळायला जायची. तो कुत्रा प्रेमानं सगळ्यांचे हात तोंडात धरायचा. मिहिका गेले कित्येक दिवस कुत्रा झाली होती. खेळवर्गातही ती कुत्राच होती, फक्त ते कोणाला सांगायचं तिला सुचलं नव्हतं. कुत्रा माणसांना चावला तर त्याला बिस्किट मिळत नाही, एवढं तिला सांगितलं आणि चावणं बंद.

आता दुसरी कोणी असती तर "तरी मी म्हणतच होते" असं काहीतरी म्हटलं असतं. साळवेबाई त्या संध्याकाळी बागेच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि पहिलीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझं साफ चुकलं! पोरगी कुत्रा झाली होती, आणि मी त्या म्हाताऱ्याचा गळा धरला." मग कदमआजोबांकडे गेल्या. "आजोबा, ओरडा." आजोबा असे खाकरले, की पिंपळावरचे कावळे उडाले.

त्या दिवसापासून बाईंच्या मागची गर्दी वाढली. माझं चुकलं म्हणणारा सल्लागार लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता.

पण बाईंच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम प्रयोग विचाराल तर तो परबांचा. परबकाकू मालवणच्या, सून तेजश्री ठाण्याची, आणि मधे चार वर्षांचा अर्णव. तेजश्रीनं घरात साखर बंद केलेली; परबकाकू नातवाला दाराआड नेऊन साखरपोळीची सुरळी भरवायच्या. दोघींनी योगायोगानं एकच संध्याकाळ निवडली. फाटकातच गाठ पडली.

"हिका विचारा, पोराक उपाशी मारता ती!"

"आई, तुम्ही चोरून देता ते आधी सांगा ना!"

मी बाकावर सावरून बसलो. बाईंनी दोघींना थांबवलं. "काकू, तुम्ही या बाजूनं निघा. तेजश्री, तू त्या बाजूनं. वाटेत समोरासमोर याल. आलात की थांबायचं नाही. पोराबद्दल एक वाक्य बोलायचं, चांगलं. आणि पुढे जायचं."

दोघी निघाल्या. पहिल्यांदा समोर आल्या तेव्हा परबकाकूंनी झाडाकडे पाहिलं आणि झाडालाच सांगितलं, "झोपता बरो." तेजश्री कुंपणाला म्हणाली, "चड्डी स्वतःची स्वतः घालतो."

"घालता, पण उलटी!"

"चांगलं बोलायचं!" बाई लांबून गरजल्या.

दुसऱ्यांदा भेट झाली. परबकाकू म्हणाल्या, "काल माका इचारल्यान, आजी, पाय दुकतत काय तुझे?"

तेजश्री थांबली. थांबायचं नव्हतं, तरी थांबली. "मला कधी नाही विचारलं त्यानं."

"तू खय बसतंस गो घरात? पाय दुकतत ह्यां त्याका कळतला कसा?"

फेरी तिथेच मोडली. दोघी पिंपळाखाली उभ्या राहून बोलत होत्या, आणि बराच वेळ गेल्यावर हसण्याचा आवाज आला. अर्णव शर्टची बटणं लावताना बापासारखी जीभ बाहेर काढतो, त्याची नक्कल सासू करत होती. साखर बंद झाली का? छे. पण दाराआडची पोळी ताटात आली आणि रोजची पोळी रविवारची झाली. बाईंनी दोघींना एक शब्दही सल्ला दिला नव्हता.

आणि अशा या बाई एका संध्याकाळी बागेत आल्या आणि माझ्या बाकावर बसल्या.

बसल्या! माझी बायको सुलभा शेजारी होती. तिनं माझा हात घट्ट धरला. बाईंना बसलेलं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

"प्रज्ञा बाळंतपणाला इकडे येत नाही म्हणते," बाई म्हणाल्या.

प्रज्ञा त्यांची एकुलती मुलगी. नवऱ्याबरोबर, नितीनबरोबर, अंधेरीला राहायची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. बाईंनी दुपटी शिवून, खोली रंगवून ठेवलेली.

"का हो?" सुलभानं विचारलं.

"म्हणते, मुलुंडला आले तर मी तुझी मुलगी राहणार नाही, तुझ्या रांगेतली एक होईन. शाळेत माझ्याच वर्गात होती ना ती. तिथे मला बाई म्हणायची. घरी आल्यावरही कधीकधी तोंडातून बाईच निघायचं. मी हसायचे. तिला ते हसण्यासारखं वाटत नव्हतं, हे काल कळलं." बाईंनी छत्रीचं टोक मातीत रुतवलं. "म्हणाली, तू इकडे ये, पण एक अट आहे. एकही सल्ला द्यायचा नाही. मला बाई नको. आई येणार असेल तर ये."

"मग?"

"मग काय. जाते." आणि छत्री मातीतून उपटत, "जमेल का हो मला?"

साळवेबाई आम्हाला विचारत होत्या! मी एरवी अशा वेळी काहीतरी चमकदार बोलतो. पण या वेळी माझ्या आधी सुलभा म्हणाली, "नाही जमलं तर जीभ चावा." बाई म्हणाल्या, "मिहिकाला सोबत नेते." आणि उठून निघून गेल्या. हसल्या, पण त्या दिवशी फेरी न मारताच गेल्या.

बाळ झालं. मुलगा. काही आठवड्यांनी सुलभानं अळिवाचे लाडू केले आणि आम्ही अंधेरीला बाळ बघायला गेलो. नेमके संध्याकाळी पोचलो. लिफ्टमधून बाहेर पडतानाच रडणं ऐकू आलं.

दार नितीननं उघडलं. शर्ट उलटा. आत प्रज्ञा बाळाला खांद्यावर घेऊन उभी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांचा कसातरी अंबाडा. टेबलावर एक यंत्र समुद्राच्या लाटांचा आवाज काढत होतं. खरा समुद्र जुहूला, रिक्षानं जेमतेम थोड्या अंतरावर. पण बाळाला यंत्रातलाच लागतो, असं कुठल्यातरी झोपतज्ज्ञानं फोनवरून सांगितलं होतं.

आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर साळवेबाई. ओठ मिटलेले, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. शाळेत गडबड करणाऱ्या पोराला बसवतात, तशा स्वतःच स्वतःला बसवून घेतल्यासारख्या.

"रोज संध्याकाळी असंच," नितीन म्हणाला. "डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट तपासलं, म्हणाले बाळ छान आहे, वजन वाढतंय, हे रडणं काही दिवसांनी आपोआप थांबेल. पण ग्रुपवर म्हणतायत दूध बदला. एक जण म्हणतोय कपडे बदला. एक जण म्हणतोय घराची दिशा..."

"नितीन, फोन ठेव, नाहीतर मी घर बदलीन," प्रज्ञा म्हणाली.

सुलभानं तोंड उघडलं. ती "ओवा" म्हणणार होती. तिच्या ओठांचा 'ओ' मला दिसला. बाईंनी कोपऱ्यातून तिच्याकडे असं पाहिलं, की तो 'ओ' तसाच गोल राहिला आणि हळूहळू मिटला. लाडूंचा डबा मांडीवर घेऊन ती गप्प बसली. बाळ रडतंय, यंत्रात लाटा फुटतायत, आणि ज्यांच्यामागे अर्धं मुलुंड धावलं त्या बाई हातांवर बसून आहेत. मी नाटकातला माणूस. असा ताण मी रंगमंचावरसुद्धा पाहिलेला नाही.

प्रज्ञानं यंत्र बंद केलं. आईकडे वळली. पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही, नुसता आवाज आला, अगदी बारीक.

"आई, मी पण अशीच रडायचे का गं?"

मी मनात म्हटलं, आता! आता बाई उठणार. एवढ्या दिवसांचं साठलेलं बाहेर पडणार. बाईंनी हात मांडीखालून काढले. विचार केला. बराच केला.

"आठवत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"खरंच आठवत नाही गं. रडली असशील. तुझे बाबा तुला घेऊन रेल्वे क्वार्टरच्या जिन्यात बसायचे, तेवढं डोळ्यांपुढे आहे. का बसायचे ते नाही आठवत. तुला केस नव्हते. आणि तुझ्या मानेला दुधाचा वास यायचा. बस."

"बाकी सगळं विसरलीस?"

"सगळं."

प्रज्ञाच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. म्हणजे रडतही होती, पण हसणं वरचढ होतं. "सगळं विसरलीस! आणि मी इथे... आई, मग मी पण विसरेन?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले.

"अगं बोल ना!"

"विचारतेयस का?" बाई म्हणाल्या. "नीट सांग. विचारलंस तर बोलेन."

"विचारतेय."

"विसरशील."

प्रज्ञानं पुढे होऊन बाळ आईच्या हातात दिलं. "धर," म्हणाली आणि सोफ्यावर टेकली.

इथे मी तुम्हाला सांगू शकलो असतो, की आजीच्या हातात जाताच बाळ शांत झालं. मला मोह फार झाला. पण तसं काही झालं नाही. हात बदललेले कळताच ते दुप्पट जोरात रडलं. बाईंनी त्याला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी पायांनी हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालू लागल्या. नितीन स्वयंपाकघरात गेला आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच असेल, चहा गरम असताना प्यायला. मी आणि सुलभानं एकमेकांकडे पाहिलं. काहीही बदललं नव्हतं, तरी कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटत होतं.

पुढे नितीनला बंगळुरूला नोकरी मिळाली. त्यानं आणि प्रज्ञानं बाईंना बोलावून घेतलं. बाई म्हणाल्या, अट आहे का? प्रज्ञा म्हणाली, आहे, लवकर ये. बाई अंधेरीहून परस्पर तिकडेच गेल्या; मुलुंडची जागा भाड्यानं दिली आहे. बागेत आता लोक एकटेच चालतात, कानात काहीतरी घालून. बाईंचं आम्हाला शेवटचं दर्शन झालं ते त्या अंधेरीच्या संध्याकाळीच.

आम्ही चपला घालत होतो. सुलभा निरोपाचं काहीतरी बोलायला वळली, तेवढ्यात बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. बाळाचा आवाज अजून टिपेला होता. कदमआजोबांनी मान डोलावली असती असा. मला कळेना, एवढ्या गदारोळात आम्ही दोन शब्द बोलल्यानं कोणाची झोप मोडणार?

मग दिसलं. सोफ्यावर प्रज्ञा बसल्या बसल्या झोपली होती. तोंड उघडं, एक पाय खाली, हात उशीवर सांडलेला. लेकराचं रडणं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. बाईंचा पदर दुधानं भिजलेला, केस सुटलेले, खांद्यावर नातू किंचाळतोय, आणि बाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या बघत होत्या आपल्या पोरीकडे, आणि गालातल्या गालात हसत होत्या.

आम्ही अजून उंबऱ्यातच आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी भुवया उडवल्या, निघा! आणि कोपरानं दार लोटून घेतलं.